पक्कड घ्यावयाची तर काय पाहून घ्याल?



गेल्या दिवाळीत आमचा पुतण्या घरी आला होता. त्याचे शिक्षण रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात झाले आणि आता तो तिकडेच किनाऱ्यावर नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी त्याला एक नाद आहे. कयाक नावाची एक होडी असते. अरुंद, प्लास्टिकची, एका माणसापुरती. तीत बसून, हाताने वल्हे मारीत खाडीच्या तोंडाशी जावयाचे आणि गळ टाकून मासे धरावयाचे. मंगरूळपिरात वाढलेल्या पोराला ही बुद्धी कुठून झाली, असे त्याची आजी त्याला दर दिवाळीला विचारते. तो हसतो. असो.

तर त्याने पिशवीतून एक पक्कड काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "काका, हिचे काही करता येईल का पाहा. सहा महिन्यांपूर्वीच घेतली होती." मी हातात घेतली. दोन्ही दांडे जोर लावून ओढले, पण जबडा हलेना. सांध्यात तांबड्या गंजाची पूडच भरलेली होती. मला हसू आले, कारण त्याच आठवड्यात मी शेतातल्या मोटारीच्या खोलीतून आमची जुनी पक्कड घरी आणली होती. ती आणून त्याच्या पक्कडीशेजारी ठेवली. दोघी सख्ख्या बहिणी! तोच तांबूस रंग, तसाच घट्ट झालेला सांधा. एक समुद्रावरून आलेली आणि दुसरी जिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे तिथली.

त्याच्या धंद्यात, म्हणजे नादात, पक्कडीचे काम काय असते ते आधी सांगतो. मासा गळाला लागला की तोंडात रुतलेला गळ काढावा लागतो. बोटाने काढू गेले तर माशाचे दात लागतात, आणि शिंगाळ्यासारख्या माशाचे काटे तर विषारी असतात. म्हणून लांब नाकाच्या पक्कडीने गळ धरून काढतात. गेल्या उन्हाळ्यात मासा उसळला आणि गळ ह्याच्याच तळहातात शिरला. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो, त्यामुळे तो मागे ओढून निघत नाही. पक्कड काढली तर ती उघडेना. शेवटी एका हाताने वल्हे मारीत, हातात गळ तसाच ठेवून हा किनाऱ्याला आला. डॉक्टरांनी गळाचे टोक पुढून बाहेर काढले, काटा कटरने तोडला आणि मग गळ मागे ओढून घेतला. धनुर्वाताचे इंजेक्शनही द्यावे लागले. हे सारे त्याने हसत हसत सांगितले, पण त्याच्या आईने ताट बाजूला सारले.

आमची गोष्ट हसण्यासारखी नाही. २०१६ च्या पावसाळ्यात, दिवेलागणीच्या सुमारास, वीज कडाडली म्हणून आमची एक कालवड बुजून पळाली आणि धुऱ्यावरच्या काटेरी तारेत शिरली. मागच्या डाव्या पायाला तारेचे दोन वेढे पडले. जनावर जितके ओढी तितकी तार आत जाई. मी भावाला ओरडलो, "पक्कड आण!" त्याने आणली. ती उघडेना. एका दांड्यावर मी पाय दिला, दुसरा त्याने ओढला, तेव्हा कशीबशी उघडली. तारेवर धरून दाबली तर तार वाकली, पण तुटली नाही. धार गंजाने खाल्लेली होती. मग भाऊ चिखलातून धावत वस्तीवर गेला आणि शेजाऱ्याची पक्कड घेऊन आला. अर्धा तास गेला असेल. तोवर मी कालवडीची मान मांडीवर धरून बसलो होतो आणि पाऊस लागला होता. सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. जीव वाचला, पण पायाची शीर कापली गेली ती गेलीच. पुढे तिला दोन वेत झाली, दूधही बरे देते, पण तो पाय ती जमिनीवर पुरता टेकवीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शोध घेतला, की ही पक्कड इतकी का बिघडावी? पेरणीपासून ती मोटारीच्या खोलीत पोटॅशच्या फुटक्या गोणीवर पडून होती. मी कृषीचा पदवीधर, गावोगाव खतांच्या सभा घेणारा माणूस, आणि माझ्याच घरी ही तऱ्हा!

आता तुम्ही म्हणाल, पोटॅशचा आणि गंजाचा संबंध काय? सांगतो. लोखंड गंजावयास हवा आणि पाणी दोन्ही लागतात. नुसत्या ओलीने ते सावकाश गंजते. पण त्या ओलीत मीठ मिसळले की पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहू लागतो आणि गंज भराभर चढतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून तिकडे लोखंड टिकत नाही. आपण ज्याला पोटॅश म्हणतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. आपल्या जेवणातले मीठ हे सोडियम क्लोराइड. म्हणजे दोघे चुलतभाऊच! पावसाळ्यात गोणी ओलावते, तिच्यावर पडलेल्या पक्कडीभोवती खारे पाणी तयार होते, आणि तुमच्या मोटारीच्या खोलीतच एक लहानसा समुद्र होतो. युरियाही हवेतील ओल ओढून घेतो आणि पाघळतो. मिश्रखतांचेही तसेच.

संत्र्याच्या बागा असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पावसाळ्याच्या तोंडी आपण झाडांच्या खोडाला बोर्डो मलम लावतो. त्यात मोरचूद असते. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड बुडविले की लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे बसते. बोर्डो मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहतात आणि त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतात, ती परीक्षा ह्याच तत्त्वावर आहे. म्हणून मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये असे आम्ही सांगत आलो. पण फवारणीच्या पंपाचे नोझल बोर्डोने भरलेल्या हातांनी, त्याच पक्कडीने आवळणारे कितीतरी बंधू मी पाहिले आहेत. ती पक्कड पुढच्या मोसमापर्यंत कशी टिकावी?

ज्यांचे सोयरे मूर्तिजापूर, दर्यापूरकडे आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणीच खारे. तिथल्या लोखंडी पाइपांची काय गत होते ते त्यांना विचारा.

मग गंजू न देणारे पोलाद घ्यावे, म्हणजे स्टेनलेस स्टीलची पक्कड घ्यावी, असे कुणीही म्हणेल. पुतण्याही तेच म्हणाला. हा विषय जरा सविस्तर पाहू, कारण इथेच माणूस फसतो.

स्टेनलेस स्टीलचा शोध इंग्लंडातील शेफील्ड गावी हॅरी ब्रेअर्ली ह्यांनी १९१३ साली लावला असे मानतात. लोखंडात शेकडा साडेदहा किंवा अधिक क्रोमियम मिसळले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो पुन्हा भरून येतो. हेच त्या पोलादाचे कवच. परंतु मिठातले क्लोराइड ह्या कवचालाही भोक पाडते. आमच्या भगिनींना हे चांगले ठाऊक आहे. स्टीलच्या डब्यात लोणचे ठेवले तर काही महिन्यांनी डब्याला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडलेली दिसतात. म्हणून लोणच्याला चिनी मातीची बरणी. तेव्हा स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे नव्हे, साध्या पोलादापेक्षा पुष्कळ उशिरा गंजणारे.

दुसरे असे, की सर्व स्टेनलेस एका जातीचे नसते. आपल्या घरातील चांगल्या ताटवाट्यांना बहुधा लोहचुंबक चिकटत नाही. ते पोलाद गंजाला चांगले, पण त्याला लोहाराच्या भाषेत पाणी पाजता येत नाही, म्हणजे तापवून व विझवून ते कठीण करता येत नाही. त्याची पक्कड केली तर दात लवकर झिजतील आणि धार तारेवर दबेल. कठीण करता येणारे स्टेनलेस निराळे. सुऱ्या आणि डॉक्टरांची काही हत्यारे त्याची करतात. त्याला लोहचुंबक चिकटतो आणि ते गंजाला ताटवाट्यांच्या पोलादापेक्षा थोडे कच्चे असते. म्हणून कुणी दुकानदार चुंबक लावून "पाहा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल" असे म्हणाला तर पक्कडीच्या बाबतीत ती परीक्षा उलटी आहे असे समजावे.

तिसरी फसगत 'क्रोम व्हॅनेडियम' ह्या शब्दांची. पक्कडीवर ही अक्षरे कोरलेली असली की पुष्कळांना वाटते, क्रोम आहे म्हणजे गंजणार नाही. ह्या पोलादात क्रोमियम असते ते शेकडा एकाच्या आसपास. ते पोलाद चिवट आणि मजबूत आहे, धारेला उत्तम आहे, पण गंजाच्या बाबतीत साध्या पोलादासारखेच. आणि वरून आरशासारखी चकाकी असेल तर तो नुसता मुलामा. दातांवर आणि धारेवर मुलामा आधी उडतो. मग खालून गंज शिरतो आणि मुलामा पापुद्र्याने सुटतो. यात्रेत पाल ठोकून बसलेल्या दुकानांतून मिळणारी चकचकीत, स्वस्त पक्कड पुष्कळदा ओतीव असते. ती कडक तारेवर दाबली की जबडा तुटतो, आणि तुटलेला तुकडा डोळ्याकडेच येतो. यात्रेत मुलांना फुगे घ्यावे, पक्कड घेऊ नये.

पक्कड घडीव असावी. आपल्या देशात जालंधर, राजस्थानातील नागौर ही ह्या हत्यारांची जुनी ठिकाणे. आपल्या नाशकात टपारियाने १९६९ पासून स्वीडिश तंत्राने हत्यारे बनविण्यास सुरुवात केली. मी कुणाची जाहिरात करीत नाही. नाव कोणतेही असो, हातात घेऊन पाहा. बनविणाऱ्याचे नाव पोलादात ठसविलेले आहे की नुसता कागद चिकटवला आहे? पक्कड मिटून उजेडाकडे धरा. धारेच्या दोन पात्यांमधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. खिशातला एखादा पातळ कागद धारेत धरून दाबा; तो कापला गेला पाहिजे, मुडपता कामा नये. मग दोन्ही दांडे धरून आडवे हलवून पाहा. सांध्यात खडखड असेल तर ती आजच म्हातारी आहे. आणि एका हाताने सहज उघडली-मिटली पाहिजे. कानशीने घासून पाहण्याचीही एक परीक्षा आहे, पण ती दुकानात करू गेलात तर दुकानदार तुम्हांला पायरी उतरावयास सांगेल.

लांबीचे म्हणाल तर शेतासाठी आठ इंची, घरासाठी सहा इंची. काळी दिसणारी पक्कड पाहून नाक मुरडू नका. तो काळा थर पुष्कळदा फॉस्फेटचा असतो आणि तेल धरून ठेवण्यासाठी दिलेला असतो. तेल असेपर्यंत तो चांगला टिकतो, तेल गेले की त्याचा उपयोग संपला. दांड्यांमध्ये स्प्रिंग असलेली पक्कड हाताला सोयीची वाटते, पण ओलीत सर्वांत आधी जाते ती स्प्रिंगच. शेतासाठी बिनस्प्रिंगची बरी.

दांड्यांवरच्या प्लास्टिकच्या मोज्यांबद्दल मात्र थांबून सांगितले पाहिजे. हे मोजे ढिले झाले की आत पाणी शिरते आणि दांडा आतून गंजतो, बाहेरून कळत नाही. एवढेच असते तर सोडून दिले असते. पण हरभऱ्याला रात्रीचे पाणी देताना मोटार बंद पडली, की त्याच पक्कडीने फ्यूज काढू पाहणारे लोक आहेत. आमच्या ओळखीतील एक गृहस्थ असेच गेले होते. मोजाला एक चीर होती, हात ओले होते. फेकले गेले म्हणून वाचले; नाही तर त्या वर्षीचा हरभरा घरच्यांनीच काढला असता. साधा मोजा हा हाताला आधार देण्यासाठी असतो, विजेपासून वाचविण्यासाठी नसतो. विजेसाठी केलेल्या पक्कडीवर एकमेकांत गुंतलेल्या दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असे लिहिलेले असते. तीही चीर पडली की बाद. आणि ती हातात असली तरी आधी मेन स्विच बंद करावयाचा तो करावयाचाच. डीपीला तर हातच लावू नये; ते काम महावितरणच्या माणसाचे. रोही आणि डुकरांसाठी झटका मशीन लावले असेल, तर तार जोडण्यापूर्वी मशीन बंद केले की नाही ते स्वतः पाहा, मुलाला विचारू नका.

माझे स्वतःचे मत विचाराल तर घरात दोन पक्कडी असाव्यात. एक चांगली, घडीव, आठ इंची, साध्या पोलादाची. ती तारेसाठी आणि मोटारीसाठी. दुसरी मध्यम किमतीची, फवारणीच्या आणि खताच्या कामाला. दुसरी खराब झाली तरी पहिली शाबूत राहते. स्टेनलेसची महाग पक्कड आपल्या शेतकऱ्याला लागत नाही, आणि कुंपणाच्या कडक तारेला ती योग्यही नाही. तलावावर थर्माकोल किंवा ट्यूबवर बसून मासे धरणाऱ्या आपल्या भोई बांधवांचे पाणी गोडे. त्यांनाही साधी, तेल दिलेली लांब नाकाची पुरते. मरळीच्या तोंडातून गळ काढावयास ती चांगली.

पुतण्याला मात्र मी निराळे सांगितले. खाऱ्या पाण्यात रोज भिजणाऱ्या माणसाने कठीण स्टेनलेसची लांब नाकाची घ्यावी आणि तार कापावयास कटर वेगळा ठेवावा, म्हणजे एकाच हत्याराकडून दोन धर्म पाळले जाण्याची अपेक्षा नको. स्प्रिंग आणि सांध्याची खीळही स्टेनलेसचीच आहे की नाही ते पाहावे. परदेशात ॲल्युमिनियमच्या अंगाच्या, पोलादी धारेच्या पक्कडी मासे धरणारे वापरतात. त्या हलक्या असतात, तांबडा गंजही येत नाही, पण दोन निरनिराळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की त्यांतला एक झिजतो आणि सांध्यात पांढरी पूड धरते. शिवाय पक्कडीला दोरी बांधून ती होडीला अडकवावी. पाण्यात पडलेल्या पक्कडीला गंज येतो की नाही हे पाहावयास कोण जाणार?

राहता राहिली निगा. ह्याला पैसे लागत नाहीत. काम झाले की पक्कड गोड्या पाण्याने धुवावी. पाण्याने धुतले तर गंजेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. पण खत आणि मीठ तसेच राहण्यापेक्षा धुतलेले कधीही बरे. मग फडक्याने पुसून, जबडा उघडा ठेवून उन्हात वाळवावी आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून चार वेळा उघडझाप करावी. बाहेरून तेलाचा बोळा फिरवावा. घरातील जवसाचे तेल सांध्यात घालू नये. जवसाचे तेल हवेने वाळून घट्ट होते. लाकडी दांड्याला ते उत्तम, पण सांध्यात ते डिंकासारखे बसते. खाण्याची इतर तेलेही कालांतराने चिकट होतात. ट्रॅक्टरचे काढून टाकलेले ऑईल चालते. आणि पक्कड भिंतीवर खिळ्याला टांगावी. गोणीवर नको, पंपाच्या डब्यातही नको.

आता घरी एखादी घट्ट बसलेली असेल तर ती टाकून देऊ नका. चुलीत तर मुळीच घालू नका. तापून निळसर झाली की पाजलेले पाणी उतरते आणि जबडा मऊ पडतो. एका डब्यात डिझेल आणि थोडे ऑईल घेऊन ती रात्रभर बुडवून ठेवा. डबा चुलीपासून आणि मुलांपासून दूर असावा. सकाळी दांडे थोडे थोडे, मागे-पुढे हलवा. एकदम हिसका देऊ नका. सांध्यावर लाकडी दांडक्याने हलकेच ठोका. तांबडे तेल बाहेर येऊ लागेल, ते पुसा, पुन्हा बुडवा. आमच्या दोन्ही पक्कडी अशाच ठेवल्या होत्या. शेतातली तिसऱ्या दिवशी सुटली. मग गंजाचे डाग काढण्याचे काम घरातल्या मंडळींनी केले: पितळेला लावतात तशी चिंचेच्या कोळाची पुटे देऊन तासाभराने घासली, सोड्याच्या पाण्याने धुतली आणि लगेच पुसून तेल दिले. धार मात्र गेलेली होती, ती काही परत आली नाही. ती आता खताच्या कामाला लावली आहे.

पुतण्याची पाचव्या दिवशीही हलली नाही. त्याची सुट्टी संपली, तो गेला. ती पक्कड अजून आमच्या पडवीत डिझेलच्या डब्यात आहे, आणि रोज सकाळी दूध काढून आल्यावर भाऊ तिचे दांडे एकदा हलवून पाहतो.